लांब, जड रोप कड्यापर्यंत नेताना होणारे त्रास : कारणं आणि उपाय

पाचनईहून हरिश्चंद्रगडावर चढायला मोकळ्या सॅकेनिशी दोन-अडीच तास लागतात. पाठीवर १०० मीटरचा स्टॅटिक रोप (फारसा न ताणणारा दोर) असला की तीच वाट लांबत जाते. गडाच्या कोकणकड्याच्या काठावर पोचेपर्यंत रोप आणणाऱ्याची मान आखडलेली असते, बोटांना मुंग्या आलेल्या असतात आणि वर रोप उघडायला घ्यावा तर त्याचा गुंता झालेला असतो. खरं काम, म्हणजे रोपवरून कडा उतरणं (रॅपलिंग), तिथून पुढे सुरू व्हायचं असतं. दोष बहुतेक वेळा वजनावर ढकलला जातो. वजन असतंच, पण ते कुठे लटकतंय आणि चालताना किती हलतंय यावर त्रास कमी-जास्त होतो. आणि हे दोन्ही आदल्या रात्री रोप कसा भरला यावर ठरतं.

खाली नेहमीच्या तक्रारी घेतल्या आहेत. उदाहरणं हरिश्चंद्रगडाची असली तरी लोणावळ्याजवळची नागफणी किंवा पावसाळ्यातल्या धबधब्यांच्या रॅपलिंगलाही हेच लागू पडतं.

आधी हिशेब

स्टॅटिक रोपाचं वजन मीटरमागे साधारण असं धरा : ९ मिमीचा ५० ते ५५ ग्रॅम, १०.५ मिमीचा ६५ ते ७० ग्रॅम, ११ मिमीचा ७३ ते ८० ग्रॅम. म्हणजे १०.५ मिमीचा १०० मीटर रोप साधारण ७ किलो, २०० मीटरचा १४ किलो. नेमका आकडा रोपासोबत आलेल्या पत्रकात असतो. तो बघून रोपाच्या टोकावरच्या पट्टीवर लिहून ठेवा.

आता माणसाचा हिशेब. दिवसभर चढायचं तर पाठीवर स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्शापेक्षा जास्त नको. ६५ किलोच्या माणसाला १६ किलो. त्यात ४ लिटर पाणी म्हणजे ४ किलो, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), हेल्मेट आणि स्वतःचं लोखंड (कॅरॅबिनर म्हणजे उघडझाप कड्या, वगैरे) ३ किलो, खाणं-कपडे-अंथरूण ३ किलो, रिकामी सॅक दीड-दोन किलो. झाले १२. उरले ४. तरीही ७ किलोचा रोप त्याच्याच सॅकवर चढवला जातो आणि मग “रोप फार जड आहे” असं ऐकू येतं.

उपाय एकच : रोप नेणाऱ्याचं बाकी सामान काढून इतरांत वाटायचं. त्याच्याकडे रोप, हार्नेस-हेल्मेट आणि वाटेपुरतं दोन लिटर पाणी, बस. गडावर मंदिराजवळच्या टाक्यांत पाणी मिळतं, ते गाळून-शुद्ध करून वापरता येतं. त्यामुळे पायथ्यापासून चार-पाच लिटर वाहत नेण्यात अर्थ नाही. वाटही वजन बघूनच निवडा. खिरेश्वरहून टोलार खिंडीची वाट सुंदर आहे, पण ती लांब आहे आणि खिंडीच्या वर रेलिंगचे कातळटप्पे आहेत. रोप पाचनईनं वर जाऊ द्या. बाकीच्यांना खिरेश्वरचा हट्ट असेल तर त्यांनी तिकडून यावं.

“एकच खांदा भरून येतो, बोटं सुन्न पडतात”

हे दोन प्रकारे होतं. एक म्हणजे रोपाचं गोल वेटोळं मुंजीच्या जानव्यासारखं एका खांद्यावरून आडवं घातलेलं असतं. दुसरं म्हणजे रोपबॅगेचे पट्टे अरुंद असतात आणि कमरपट्टा नसतोच. दोन्हीत सगळा भार मान आणि खांद्यामधल्या मऊ भागावर येतो. त्याच भागातून हाताकडे जाणाऱ्या नसा गेलेल्या असतात. तासभर दाब राहिला की आधी मुंग्या येतात, मग पकड ढिली होते.

याकडे दुर्लक्ष करू नये, कारण पुढे रोपवरून उतरताना त्याच हातानं ब्रेक धरायचा आहे. सुन्नपणा आला तर सॅक तिथेच उतरवा, रोप दुसऱ्याकडे द्या. काठावर पोचल्यावरही पकड पूर्ववत झाल्याशिवाय त्या माणसाला उतरायला पाठवू नका. तासाभरानंतरही हात जड वाटत असेल किंवा दंड वर उचलता येत नसेल, तर त्या दिवशी रॅपलिंग नाही, आणि खाली आल्यावर डॉक्टरांकडे जायचं.

आडव्या वेटोळ्याला दुसरा इलाज नाही. ते सोडून द्या. ६० मीटरपर्यंतचा रोप अगदीच बॅगेविना न्यायचा असेल तर दोन्ही खांद्यांवर येणारी बटरफ्लाय कॉइल करा :

१. रोपाची दोन्ही टोकं एकत्र धरा, दुहेरी रोपाची तीन-साडेतीन मीटर शेपटी सोडा.
२. तिथून पुढे दुहेरी रोप मानेवर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असा टाकत चला. हात पूर्ण फैलावू नका. फैलावले तर लूप गुडघ्यापर्यंत लोंबतात आणि कातळावर पाय टाकताना मागच्या मागे अडकतात. लूप पार्श्वभागाच्या वरच संपले पाहिजेत.
३. कॉइल उतरवून वरच्या तिसऱ्या हिश्शात शेपट्यांचे चार घट्ट वेढे द्या. शेपट्यांचा एक फासा वरच्या भोकातून काढा, त्यातून शेपट्या ओवून ओढा.
४. कॉइल पाठीवर, शेपट्या दोन्ही खांद्यांवरून पुढे, छातीवर एकमेकींना छेद देऊन काखेखालून मागे, कॉइलवरून परत पुढे आणि पोटावर रीफ नॉट.

चौथ्या पायरीत शेपट्या कॉइलवरून जातात तिथे आवळा. ढिल्या राहिल्या तर दहा मिनिटांत कॉइल एका कुशीवर येते. १०० मीटरच्या रोपाला ही पद्धत वापरू नका. जुडगा इतका जाड होतो की पाठीला टेकतच नाही, बाहेर लोंबतो.

बॅग आहे पण पट्टे अरुंद आहेत, तर १० मिमी जाडीच्या कॅरीमॅटच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी हातभर लांब, खांद्याच्या पट्ट्यांवर चिकटपट्टीनं गुंडाळा. छातीच्या उंचीवर ६० सेंमीची स्लिंग (शिवलेल्या पट्टीचा फास) दोन्ही पट्ट्यांतून घेऊन कॅरॅबिनरनं जोडली की पट्टे खांद्यावरून बाहेर सरकत नाहीत. कमरपट्ट्याचा जुगाडही होतो : रुंद वेबिंग (चपटी विणलेली पट्टी) बॅगेच्या खालच्या पट्ट्यांतून ओवून पोटाशी बकलनं आवळायची. त्यानं फारसा भार कमरेवर जात नाही, पण बॅग डोलायची थांबते. भार खरोखर कमरेवर द्यायचा असेल तर सरळ उपाय म्हणजे रोपबॅगच ६० लिटरच्या चांगल्या ट्रेकिंग सॅकमध्ये ठेवणं. कमरपट्टा कमरेच्या हाडावर आधी आवळा, खांद्याचे पट्टे त्यानंतर. उलट क्रमानं आवळले तर कमरपट्टा नुसता शोभेला राहतो.

“सॅक मागे ओढते, चढावर तोल जातो”

रोप सॅकच्या झाकणाखाली आडवा टाकलेला किंवा मागच्या बाजूला बाहेरून बांधलेला असतो. पाठीपासून जितका दूर, तितका तो मागे ओढणार. त्याला तोलायला माणूस पुढे वाकतो आणि मग कंबर धरते.

सॅक भरताना तळाशी हलकं आणि मऊ : अंथरूण, कपडे. त्याच्या वर, पाठीला अगदी चिकटून रोप. बाहेरच्या बाजूला खाणं आणि बारीकसारीक. मोकळ्या पायवाटेवर रोप खांद्याच्या फऱ्यांच्या पातळीला असावा. मात्र वाट कातळटप्प्यांची असेल, हातपाय लावून चढायचं असेल, तर तोच रोप थोडा खाली, पाठीच्या मध्यावर आणा. वजन उंच असलं की कातळावर वाकताना ते डोक्यावरून पुढे ढकलतं. चढावर बरी वाटलेली सॅक घसाऱ्यावर उतरताना बेभरवशाची होते ती यामुळेच.

कातळटप्पा फूट-दीड फुटाच्या पायऱ्यांचा नसून खरोखर उभा असेल, तर रोप पाठीवर घेऊन चढूच नका. १५-२० मीटरची ७ मिमीची कॉर्ड (बारीक दोरी) हाताशी ठेवा. हलका माणूस आधी वर, मग सॅक कॉर्डनं ओढून. ही कॉर्ड रोपबॅगेत नव्हे, झाकणाच्या खिशात हवी. पावसाळ्यात ओढा ओलांडताना कमरपट्टा आणि छातीचा पट्टा दोन्ही उघडे. पाय सुटला तर सॅक झटकन सोडता आली पाहिजे.

“झाडीत दर दहा पावलांना अडकतो”

कारवी, करवंदीच्या जाळ्या, घाणेरी. वाट खांद्याएवढी रुंद आणि सॅकवर आडवं बांधलेलं वेटोळं त्याहून रुंद. शिवाय बाहेर टांगलेले कॅरॅबिनर आणि स्लिंगा. प्रत्येक अडकण्याला माणूस हिसका देतो आणि काट्यांवर रोपाच्या आवरणाचे धागे निघतात.

रोप बाहेर दिसता कामा नये, एवढा नियम पुरे. लोखंडही आत, पण रोपाच्या बॅगेत नाही. बोल्ट, हातोडा, ड्रिल यांच्या कडा रोपावर घासतात. ड्रिलची बॅटरी आणि स्टोव्हचं इंधन तर वेगळ्या माणसाच्या सॅकमध्ये द्या. बॅटरीतून गळणाऱ्या रसायनानं किंवा इंधनानं रोप खराब होऊ शकतो आणि बाहेरून काही कळत नाही.

गावातून गोणी मागून त्यात रोप भरायची सवय आहे. गोणी धान्याची असेल तर ठीक. खताची किंवा औषधांची रिकामी गोणी कितीही झटकली तरी चालणार नाही.

“काठावर पोचलो आणि रोपाचा गुंता”

वाहून नेण्याच्या तक्रारींत ही का, तर कारण वाहून नेण्यातच आहे. गोल वेटोळ्यात प्रत्येक फेऱ्यामागे रोपाला एक पीळ बसतो. दीड मीटरचा फेरा धरला तर १०० मीटरमध्ये पासष्ट-सत्तर पीळ. ते उलगडताना निघाले नाहीत तर रॅपलिंग करणाऱ्याच्या खाली गोळा होतात. त्यात कोणी फिगर ऑफ एट डिसेंडर (उतरताना वेग आवरायचं आठच्या आकाराचं साधन) वापरत असेल तर तो आपले आणखी पीळ घालतो.

बॅगेत कोंबलेल्या रोपाचं तसं होत नाही. ज्या क्रमानं आत गेला त्याच्या बरोबर उलट क्रमानं तो बाहेर येतो. कोंबण्याची रीत अशी :

बॅगेचा आकार आधी. १०० मीटर १०.५ मिमीचा रोप कोंबल्यावर १८ ते २० लिटर जागा घेतो, तेव्हा बॅग २५ लिटरची. ११ मिमीला ३० ची घ्या. काठोकाठ भरलेल्या बॅगेचं तोंड बांधता येत नाही आणि फारच मोठी बॅग घेतली तर रोप आत हलून फेरे एकमेकांत शिरतात.

रोपाच्या खालच्या टोकाला स्टॉपर नॉट (उतरणारा टोकावरून सुटू नये म्हणून गाठ) मारा, मीटरभर टोक मोकळं सोडून. ही गाठ कड्यावर पोचल्यावर मारू असं म्हणायचं नाही. हे टोक बॅगेच्या तळाशी. बॅग कमरेच्या उंचीवर टांगा, डोक्याच्या उंचीवर एक कॅरॅबिनर अडकवा, त्यातून रोप घेऊन हातभर-हातभर खाली ओढत बॅगेत सोडा. आधी कोपरे भरा, मग मध्य. दर दहा-बारा मीटरला मुठीनं दाबा. दुसरा माणूस असेल तर रोप त्याच्या मुठीतून सरकू द्या; मऊ पडलेली, फुगलेली किंवा कडक झालेली जागा डोळ्यांआधी हाताला कळते. वरच्या टोकाला फिगर ऑफ एटची गाठ मारून ते झाकणाखाली अगदी वर ठेवा. एकट्याला १०० मीटरला दहा-बारा मिनिटं पुरतात.

बॅगेवर लांबी आणि जाडी लिहा. “निळी बॅग मोठी” हे काठावर, वाऱ्यात, कोणाच्याच लक्षात राहत नाही.

वाटेत बॅग उघडून रोप “जरा नीट” करू नका. गुंत्याचा उगम पुष्कळदा तिथे असतो. बॅग पालथी करून रोप ओतणं हा दुसरा. रोप बॅगेच्या तोंडातूनच निघाला पाहिजे, वरच्या टोकापासून, अँकरला (कड्यावरच्या पक्क्या आधाराला) बांधल्यावर.

“२०० मीटरचा एकच रोप आहे, तो न्यायचा कसा?”

१४-१५ किलो, बॅग ४५ ते ५० लिटरची. पहिला प्रश्न उलटा विचारा : २०० चा अखंड रोप हवाच आहे का? कोकणकड्यासारख्या ठिकाणी उतरण टप्प्याटप्प्यानं, मधल्या स्टेशनांवर (थांबून पुढचा रोप लावायच्या जागांवर) थांबत होते. तिथे १०० चे दोन रोप वाहायला सोपे, आणि एकाला इजा झाली तर दुसरा शाबूत राहतो. अखंड रोप लागतो तो सलग, अधांतरी उतरण असेल तेव्हा, जिथे दोन रोप जोडणारी मधली गाठ हवेत लटकून पार करावी लागेल. गाठ पार करणं हे स्वतंत्र कसब आहे. गटात सगळ्यांना ते येत नसेल तर अखंड रोपाचं वजन सोसा.

सोसायचं ठरलं तर तीन मार्ग.

एकानं न्यायचा : रोप १४, सॅक २, पाणी २, हार्नेस-हेल्मेट दीड. साडेएकोणीस किलो. हे तासन्‌तास चालत नाही. अर्ध्या-अर्ध्या तासानं माणूस बदला आणि दर बदलाला पट्टे नव्या माणसाच्या मापाचे करा. दमल्यावर बदलायचं ठरवलं तर पहिला माणूस पुढचा तास कामाचा राहत नाही.

दोन बॅगांत विभागून : पहिल्या बॅगेत खालच्या टोकापासून ९८ मीटर भरा. तीन-चार मीटर बाहेर सोडा. उरलेला रोप दुसऱ्या बॅगेत तळापासून वर भरा. जोडणारा धागा दुसऱ्या बॅगेत तोंडातून शिरून कडेनं तळाशी जातो, तो तसाच राहू द्या. काठावर आधी दुसरी बॅग रिकामी होते, मग पहिली. क्रम चुकू नये म्हणून बॅगांवर उतरण्याच्या क्रमानं १ आणि २ लिहा. दुसरी भरलेली बॅग उतरताना पहिली. चालताना मधला रोप जमिनीवर लोळता कामा नये. त्याची छोटी जुडी करून मागच्या माणसाच्या छातीच्या पट्ट्याला अडकवा. दोघांची चाल सारखी हवी. आणि जिथे एक घसरला तर दुसऱ्याला ओढेल अशा अरुंद आडव्या वाटेवर ही पद्धत नको.

तिसरा मार्ग म्हणजे बांबूला बॅग टांगून दोघांनी डोलीसारखी न्यायची. गाडीरस्त्यावर छान चालते. पायवाटेच्या पहिल्याच वळणाला बांबू झाडात शिरतो.

पाचनईतून ओझ्याला माणूस घेणार असाल तर वजन आणि मजुरी आधी ठरवा, बॅग त्याच्या हातात देऊन बघू द्या. तो चुंबळ ठेवून डोक्यावर घेणार असेल तर रोप उभ्या बॅगेऐवजी आडव्या, पसरट गोणीत द्या. उभी बॅग डोक्यावर डुलते. रेलिंगच्या, हात लागणाऱ्या जागी डोक्यावरचं ओझं नको, तिथे कॉर्डनंच वर घ्या. “त्यांना सवय असते” म्हणून २५ किलो त्याच्या डोक्यावर देण्याचा प्रकार मात्र थांबायला हवा.

“उतरतानाही बॅग पाठीवरच?”

नाही. अधांतरी लटकल्यावर पाठीवरचं वजन माणसाला मागे उलटं करतं. उरलेला रोप किंवा सॅक हार्नेसच्या बिले लूपला (पुढच्या मधल्या फाशाला) ६० सेंमीच्या स्लिंगवर टांगा, दोन पायांच्या मध्ये खाली लोंबू द्या. टेकायला कातळ असेल तिथे ती थोडी आडवी येते, पण तोल सुटत नाही.

“परतीला रोप दुप्पट जड वाटतो”

पावसाळ्यात तो खरोखरच जड होतो. नायलॉन पाणी धरतं. चिंब भिजलेला ७ किलोचा रोप ९ किलोच्या आसपास जातो. त्यात बॅगेच्या तळाला भोकं नसतील तर तळाशी साठलेलं पाणीही आपणच वाहतो. धबधब्याच्या कामाला तळाशी धातूच्या कड्यांची भोकं असलेली पीव्हीसीची बॅग घ्या. रोप ओढून घेताना तो हातमोज्यातून पिळत घ्या, बॅग भरल्यावर पाच-दहा मिनिटं उंच टांगून निथळू द्या. पाठ आणि बॅगेमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा घातला तर ओल्या बॅगेनं पाठ सोलत नाही.

कोरड्या मोसमात जड वाटण्याचं कारण वेगळं असतं. कोकणकडा उतरून बेलपाड्याच्या बाजूला आलं की अजून धोंड्यांची, जंगलाची वाट बाकी असते, सगळे दमलेले असतात आणि रोप कसाबसा गुंडाळून कोणाच्या तरी गळ्यात घातला जातो. मघाशी टाळलेले सगळे त्रास इथे परत येतात. परतीसाठीही रिकाम्या बॅगा खाली आणायच्या, त्यातच रोप कोंबायचा, आणि तो उचलणारी माणसं सकाळीच ठरवून ठेवायची. शक्यतो चढताना रोप न नेलेली. उतारावर बॅग घरंगळत सोडायचा मोह होतो. खाली माणूस असतो आणि आतल्या रोपाला धारदार दगड लागला तर वरून दिसत नाही.

घरी आल्यावर रोप साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा, पूर्ण कोरडा झाल्याखेरीज बॅगेत घालू नका. नवा स्टॅटिक रोप पहिल्यांदा भिजून वाळला की आखडतो. १०० मीटरचा ९५-९६ भरला तर नवल नाही. मग पुन्हा मोजा आणि बॅगेवरचा जुना आकडा खोडून नवा लिहा.